व्याजाचा दर आणि पेन्शनचा दर एका रकान्यात नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीच्या नियोजनावर वर्तमानपत्रांतून जे तक्ते छापून येतात, त्यांत एक खोड वारंवार दिसते. मुदत ठेवीचा व्याजदर, रोख्यांचा परतावा आणि आजीवन पेन्शनचा दर असे तिन्ही आकडे एकाच रकान्यात एकाखाली एक मांडलेले असतात. वाचणारा साहजिकच त्यातला मोठा आकडा शोधतो. ठेव ६ टक्के, पेन्शन ८ टक्के, म्हणजे पेन्शन बरी. दुसऱ्या तक्त्यात ‘मुद्दल परत’ प्रकारची पेन्शन ५.८ टक्के दिसली की तीच पेन्शन वाईट ठरते. दोन्ही निष्कर्ष चुकीच्या तुलनेवर उभे आहेत. पेन्शनचे हिशेब करणे हेच काम असल्याने हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. आकडे नुसते एककांत दिले आहेत. ज्याने त्याने आपले चलन आणि आपल्याकडचे दर घालून पाहावेत.

आधी तो ८ चा आकडा. वयाच्या ६५ व्या वर्षी कोणी १०० भरून वर्षाला ८ अशी आजीवन पेन्शन घेतली आणि त्याच्यामागे वारसांना काही मिळणार नाही असे ठरले, तर पहिली साडेबारा वर्षे त्याला त्याचेच पैसे परत मिळत असतात. तोवर परतावा शून्य. त्या १०० वर वर्षाला ६ टक्के सुटले असे म्हणायला जवळजवळ २४ वर्षे, म्हणजे वयाच्या ८९ पर्यंत पेन्शन घ्यावी लागते. आता हाच हिशेब उलटा करू. ते १०० सहा टक्क्यांच्या ठेवीत ठेवले आणि दरवर्षी ८ काढत गेलो, तर ठेव संपायलाही तीच जवळजवळ २४ वर्षे लागतात. म्हणजे ८ हा व्याजाचा दर नव्हेच. त्यात व्याज आहे आणि दरवर्षी मोडलेला मुद्दलाचा तुकडाही आहे. फरक एवढाच की ठेव २४ व्या वर्षी संपते आणि पेन्शन माणूस असेपर्यंत चालते. पेन्शन घेणारा किंमत मोजतो ती या फरकाची.

विमा कंपनीला हे परवडते कसे? १०० जण घ्या, सगळे ७५ वर्षांचे, प्रत्येकाचे १०० एका सामाईक गंगाजळीत. वर्षभरात ६ टक्के व्याज लागून एकूण १०,६०० झाले. समजा त्या वर्षात चौघे गेले. उरलेल्या ९६ जणांच्या वाट्याला प्रत्येकी ११०.४ येतात, म्हणजे १०.४ टक्के. पुढे ८५ व्या वर्षी शंभरातले १० जण वर्षभरात जात असतील, तर हाच आकडा १७.८ टक्क्यांवर जातो. व्याज तेच ६ टक्के. वरचा वाटा गेलेल्यांच्या शिलकीतून आलेला. ऐकायला कठोर वाटते, पण आजीवन पेन्शनचे सगळे बळ यातच आहे, आणि स्वतःच्या बचतीला ते कधीच मिळत नाही. एकट्याच्या खात्यात एकच माणूस असतो. त्याला ७८ व्या वर्षी मरण येईल की ९८ व्या, हे ठाऊक नसल्याने ९८ धरूनच खर्च करावा लागतो, आणि ७८ ला गेला तर वीस वर्षांची काटकसर वाया.

यातूनच वयाचा मुद्दा निघतो. पन्नाशीत मृत्यूचे प्रमाण इतके कमी असते की गेलेल्यांकडून येणारा वाटा नगण्य असतो; कंपनीचा खर्च आणि विक्रेत्याचे कमिशन त्याहून जास्त. म्हणून पन्नास-पंचावन्नला लगेच सुरू होणारी आजीवन पेन्शन विकत घेणे बहुधा तोट्याचे. सत्तरीनंतर हा वाटा झपाट्याने वाढतो. एकाच रकमेला ७० व्या वर्षी मिळणारी पेन्शन ६० व्या वर्षी मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा ठळकपणे मोठी असते, ती याच कारणाने.

आणि म्हणूनच ‘मुद्दल परत’ हा पर्याय नीट समजून घ्यायला हवा. माणूस गेल्यावर भरलेली सगळी रक्कम वारसांना परत करायची, तर कंपनीकडे गेलेल्यांची शिल्लक उरतच नाही. तिने मग दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर मिळणाऱ्या व्याजातून आपला खर्च काढून उरलेले पेन्शन म्हणून द्यायचे. ही नावाला पेन्शन. प्रत्यक्षात ती जन्मभर मोडता न येणारी किंवा मोडली तर नुकसान देणारी ठेव आहे. विक्रेते हा पर्याय पुढे करतात कारण ‘पैसे बुडणार नाहीत’ हे वाक्य ऐकायला गोड लागते. वारसांना काही ठेवायचेच असेल, तर तेवढी रक्कम वेगळी काढून साध्या गुंतवणुकीत ठेवावी आणि उरलेल्या रकमेची निव्वळ आजीवन पेन्शन घ्यावी. जोडीदाराला पुढे चालणारी पेन्शन हा मात्र वेगळा पर्याय आहे. त्याकडे पुढे येतो.

मेनाहेम यारी या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये गणिताने दाखवून दिले की दर रास्त असेल आणि मागे काही ठेवण्याची इच्छा नसेल, तर माणसाने सगळी पुंजी आजीवन पेन्शनमध्ये घालावी. प्रत्यक्षात फार थोडे लोक तसे करतात. त्याला लोकांचे अज्ञान हे एकच कारण नाही. पेन्शन विकत घेणारे सरासरीपेक्षा जास्त जगतात, आजारी माणूस सहसा त्या वाटेला जात नाही; म्हणून कंपन्या दरही दीर्घायुषी गिऱ्हाईक धरूनच लावतात. ज्याला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार आहे, त्याच्यासाठी तो दर खरोखरच महाग असतो. ब्रिटनमध्ये अशांना वैद्यकीय माहिती घेऊन जास्त पेन्शन देणाऱ्या कंपन्या आहेत. जिथे ती सोय नाही, तिथे अशा माणसाने बचतीवरच राहिलेले बरे.

आता पेन्शनची कच्ची बाजू. महागाई ६ टक्के राहिली, तर न वाढणाऱ्या १०० च्या पेन्शनची खरेदीशक्ती १२ वर्षांत निम्मी आणि २० वर्षांत ३१ होते. महागाई ४ टक्के धरली तरी विसाव्या वर्षी ती ४६ च्या घरात येते. म्हणजे औषधपाण्याचा खर्च वाढतो नेमक्या त्याच वयात पेन्शन निम्म्याहून खाली. दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढणारी पेन्शन मागितली की सुरुवातीची रक्कम घटते: ८ च्या जागी समजा ६. ती अकराव्या वर्षी ८ च्या वर जाते आणि हातात पडलेली एकूण रक्कम विसाव्या वर्षी बरोबरीत येते. बहुतेक जण पहिल्या महिन्याचा आकडा बघून न वाढणारीच निवडतात. ६५ ला निवृत्त होणाऱ्या धडधाकट माणसाने, त्यातही जोडीदार वयाने लहान असताना, असे करू नये. सरकारी किंवा मोठ्या मालकाची पेन्शन महागाई निर्देशांकाला जोडलेली असेल, तर तिची किंमत साध्या पेन्शनच्या दीडपटीजवळही जाऊ शकते. बाजारात विकत मिळणाऱ्या पेन्शनमध्ये ही जोडणी फार क्वचित असते.

बचतीच्या बाजूचे लोक म्हणतात, शेअर आणि रोख्यांचे मिश्रण ठेवा, सरासरी परतावा महागाईच्या वर राहील. सरासरी राहीलही. पण पैसे काढायला लागल्यावर सरासरीला फारसा अर्थ उरत नाही; परतावे कोणत्या क्रमाने आले याला उरतो. पुंजी १००, दर वर्षाच्या सुरुवातीला ६ काढायचे. पाच वर्षांचे परतावे वजा २०, वजा १०, अधिक १०, अधिक २० आणि अधिक ३० टक्के. काहीच काढले नसते तर हे पाच आकडे कोणत्याही क्रमाने लावले तरी अखेरीला १२३.६ च झाले असते. काढत गेल्यावर? वाईट वर्षे आधी आली तर शेवटी ७९.४ उरतात. हीच यादी उलटी लावली, चांगली वर्षे आधी, तर ९६.६ उरतात. परतावे तेच, काढलेली रक्कम तीच, तरी सतराहून जास्तीचा फरक. बाजार पडलेला असताना खर्चासाठी फंडातली युनिट, म्हणजे आपले हिस्से, विकावी लागतात, ती पुन्हा वर येणाऱ्या बाजाराचा फायदा घ्यायला उरतच नाहीत. निवृत्तीच्या आधीची पाच आणि नंतरची दहा वर्षे या दृष्टीने सर्वांत नाजूक. नोकरीत असताना हाच घसरता बाजार उलट उपयोगाचा असतो, कारण स्वस्तात खरेदी होते. पंचवीस वर्षे तो अनुभव घेतलेला माणूस निवृत्तीनंतरही तीच हिंमत दाखवायला जातो आणि तिथे फसतो.

वर्षाला किती काढले तर पुरेल? अमेरिकेतील वित्तीय सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये १९२६ पासूनचे तिथले आकडे लावून पाहिले. निम्मी ते पाऊण पुंजी शेअरमध्ये, बाकी रोख्यांत. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे तीच रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची. एवढ्यावर इतिहासातल्या सर्वांत वाईट काळातही पुंजी ३० वर्षे पुरली. तो वाईट काळ १९३० च्या मंदीचा नव्हता, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांचा होता: आधी मरगळलेला बाजार आणि पाठोपाठ १९७० च्या दशकातली महागाई.

हा ४ टक्क्यांचा नियम आता जिकडेतिकडे सांगितला जातो, पण त्याच्या अटी गळून पडतात. तो एका देशाच्या, त्यातही चांगल्या चाललेल्या बाजाराच्या इतिहासावर बेतला आहे. मुदत ३० वर्षांची आहे. ५० व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ती पुरत नाही. फंडाचे शुल्क त्यात धरलेले नाही. वर्षाला १ टक्का शुल्क जात असेल, तर ३० वर्षे पुरेल अशी काढायची रक्कम ४ टक्क्यांहून कमी भरते. आणि ४ टक्के हे दरवर्षीच्या शिलकीचे नाहीत, सुरुवातीच्या पुंजीचे आहेत. दरवर्षीच्या शिलकीचे ४ टक्के काढले तर पुंजी कधीच पूर्ण संपत नाही, पण बाजारामुळे पुंजी ३० टक्के घटली की उत्पन्नही ३० टक्के घटते. घरभाड्याला हे चालत नाही.

शुल्काचा परिणाम जमवण्याच्या काळातही होतो. ३० वर्षे दरवर्षी १ जमा केला, तर ७ टक्क्यांनी ९४.५ होतात आणि १ टक्का शुल्क गेल्यावर ६ टक्क्यांनी ७९. सहावा हिस्सा शुल्कात गेला आणि खातेदाराच्या तो नजरेसही पडला नाही, कारण त्याचे बिल कधी येत नाही.

बचतीचा आणखी एक धोका हिशेबाच्या वहीत दिसत नाही. तो हात घालण्याचा. लग्न, घर, मुलाचा व्यवसाय. कारणे खरी असतात आणि पुंजी समोर दिसत असते. चिलीने १९८१ मध्ये सार्वजनिक पेन्शनऐवजी वैयक्तिक बचत खात्यांची पद्धत आणली, ती जगभर नमुना म्हणून दाखवली गेली. २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीच्या काळात तिथे खात्यातून तीन वेळा १० टक्क्यांपर्यंत रक्कम काढू दिली. १० टक्क्यांहून जास्त भरली तरी एक ठरावीक किमान रक्कम काढायची मुभा असल्याने कमी शिल्लक असलेली अनेक खाती पार रिकामी झाली. पेन्शनच्या गंगाजळीत एकेकट्याला असा हात घालता येत नाही. याशिवाय ऐंशीनंतर बुद्धी मंदावते तेव्हा कोणता रोखा विकायचा, कोणाच्या फोनवर विश्वास ठेवायचा, हे ठरवणे अवघड होते. पेन्शन मात्र आपोआप खात्यात येते. वर्षाकाठी हयातीचा दाखला दिला की झाले.

मग पेन्शन देणाराच बुडाला तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. स्टुडबेकर या अमेरिकेतील मोटार कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद केला. निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना ठरलेली पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे ४,००० कामगारांना हक्काच्या रकमेतले जेमतेम १५ टक्के मिळाले, आणि त्याहून लहानांना काहीच नाही. अमेरिकेत १९७४ मध्ये पेन्शनच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागे हे प्रकरण होते. ब्रिटनमधली १७६२ पासूनची इक्विटेबल लाइफ ही विमा कंपनी वेगळ्या तऱ्हेने अडकली: व्याजदर चढे असताना तिने पॉलिसींत पेन्शनच्या दराची हमी लिहून दिली होती, व्याजदर घसरले, आयुर्मान वाढले आणि हमी महाग पडली. २००० च्या जुलैमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स या तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाचा निकाल विरुद्ध गेला आणि डिसेंबरात तिने नवा व्यवसाय बंद केला. डेट्रॉइट शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी मागितली तेव्हा सर्वसाधारण कर्मचाऱ्यांची पेन्शन ४.५ टक्के कापली गेली आणि वार्षिक महागाई वाढही बंद झाली. बातम्यांत गाजले ते ४.५ टक्के, पुढच्या वीस वर्षांत जास्त लागणार तो दुसरा घाव.

तेव्हा मालकाच्या पेन्शनवर विसंबणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. देणी भागवायला वेगळा निधी आहे की चालू उत्पन्नातून पेन्शन दिली जाते? निधी असेल तर देण्यांच्या किती टक्के? आणि देणी मोजताना वटावाचा दर, म्हणजे पुढे द्यायच्या रकमांची आजची किंमत काढायला धरलेला व्याजदर, किती धरला? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण खरी गोम तिथेच असते. देणी सरासरी १५ वर्षांच्या अंतरावर असतील, तर हा दर १ टक्क्याने खाली आणला की देणी सुमारे १५ टक्क्यांनी फुगतात. कागदावर शंभर टक्के भरलेला दिसणारा निधी केवळ दर चढा धरल्यामुळे तसा दिसत असू शकतो. मालक बुडाल्यास पेन्शनची हमी घेणारी सरकारी संस्था आहे का, आणि तिची मर्यादा किती, हेही पाहून ठेवावे.

तरीही मालकाची पेन्शन स्वतःच्या बचतीने भरून काढायची म्हटले तर किती लागते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. शेवटच्या पगाराच्या निम्मी, महागाईने वाढणारी रक्कम २५ वर्षे हवी, आणि महागाई व शुल्क जाता २ टक्के परतावा धरला, तर निवृत्तीच्या दिवशी वार्षिक पगाराच्या १० पट पुंजी लागते. ती ३५ वर्षांत जमवायची, पगार महागाईपेक्षा १ टक्का आणि गुंतवणूक ३ टक्के जास्त वाढते असे मानले, तर पगाराच्या २० टक्के दरवर्षी बाजूला टाकावे लागतात. दहा वर्षे उशिरा सुरुवात केली तर हे प्रमाण ३१ टक्क्यांवर जाते. पेन्शनची नोकरी सोडून जास्त पगाराची बिनपेन्शनची नोकरी धरणाऱ्याने नव्या पगारातून हे २० टक्के वजा करून मगच तुलना करावी. दुसरीकडे, नोकऱ्या बदलणाऱ्याला शेवटच्या पगारावरची पेन्शन फार मारते. दर वर्षाच्या सेवेला पगाराच्या साठाव्या हिस्स्याइतकी पेन्शन असेल, तर एकाच ठिकाणी ४० वर्षे काढून १०० पगारावर निवृत्त होणाऱ्याला ६६.७ मिळतात. दोन ठिकाणी वीस-वीस वर्षे काढली आणि पहिली नोकरी ५० पगारावर सोडली, तर १६.७ आणि ३३.३ मिळून ५०. सेवा तेवढीच, पेन्शन पाव हिश्श्याने कमी. सोडलेल्या ठिकाणची पेन्शन मधल्या काळात महागाईने वाढवून देतात का, हा प्रश्न राजीनाम्याआधी विचारायचा असतो.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यावेत का, हा नेहमीचा पेच. सोडलेल्या दर १ वार्षिक पेन्शनमागे समजा ९ मिळतात. लोक म्हणतात नऊ वर्षांत वसूल. पण ते ९ आज हातात येतात आणि त्यावर ७ टक्के मिळू शकतात, म्हणून न वाढणाऱ्या पेन्शनच्या बाबतीत बरोबरी पंधराव्या वर्षाच्या सुमारास होते. पेन्शन दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढणारी असेल, तर अकराव्या वर्षीच. साठीच्या निरोगी माणसाला अकरा वर्षे हे फार थोडे झाले. त्याने वाढती पेन्शन विकणे म्हणजे चांगली वस्तू स्वस्तात काढणे. विकलेला भाग ठरावीक वर्षांनी पुन्हा सुरू होत असेल, तर मात्र हिशेब उलटतो आणि विकणे अनेकदा फायद्याचे ठरते, कारण मग ते ठरावीक मुदतीचे कर्ज होते. दोन्ही रकमा कर वजा करूनच ताडाव्यात. अनेक देशांत एकरकमी पैशांना करसवलत असते आणि मासिक पेन्शनला नसते, एवढ्यानेही पारडे झुकते.

जोडीदाराचा प्रश्न लोक फॉर्म भरताना अर्ध्या मिनिटात उरकतात आणि तिथेच सर्वांत महाग चूक होते. एकट्याच्या नावे पेन्शन घेतली तर ती जास्त दिसते. तो गेला की थांबते. पुढे जोडीदाराला निम्मी चालू ठेवण्याचा पर्याय लोकांना न्याय्य वाटतो, पण एकटीचा खर्च दोघांच्या खर्चाच्या निम्मा होत नसतो. भाडे, वीज, दुरुस्ती तशीच राहते. ओईसीडी ही प्रामुख्याने विकसित देशांची संस्था घरखर्चाची तुलना करताना माणसांच्या संख्येचे वर्गमूळ धरते. त्या हिशेबाने दोघांना १०० लागत असतील तर एकटीला ७१ लागतात. म्हणून जोडीदाराचे स्वतःचे उत्पन्न नसेल, तर दोन-तृतीयांश ते पूर्ण पेन्शन पुढे चालणारा पर्याय घ्यावा, सुरुवातीची रक्कम कमी झाली तरी चालेल. ‘१० वर्षांची हमी’, म्हणजे पेन्शनदार गेला तरी पहिली दहा वर्षे पेन्शन चालू राहणे, ही जोडीदाराची सोय नव्हे. ती पहिल्या दहा वर्षांत मृत्यू आला तरच उपयोगी. अकराव्या वर्षी आला तर काहीच नाही. आणि जोडीदाराचे नाव, जन्मतारीख, विवाहाची नोंद पेन्शनच्या कागदांवर ओळखपत्राप्रमाणेच आहे ना, हे दोघे असतानाच जुळवून घ्यावे. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने महिनोन्महिने पेन्शन अडते, आणि तेव्हा सही करायला मूळ पेन्शनदार नसतो.

या सगळ्याचा मेळ घालायची रीत अवघड नाही. वर्षाचा खर्च दोन रकान्यांत लिहायचा: टाळता न येणारा आणि टाळता येणारा. समजा एकूण १००, त्यातला ६५ टाळता न येणारा. सरकारी किंवा मालकाची खात्रीची पेन्शन ४०. तूट २५ ची. बचत १,२००. महागाईने वाढणाऱ्या आजीवन पेन्शनचा दर ५ टक्के असेल, तर २५ साठी ५०० लागतात. उरलेल्या ७०० वर ४ टक्क्यांनी २८. सगळे मिळून ९३. सगळी बचत स्वतःकडे ठेवली असती तर ४० अधिक ४८, म्हणजे ८८, आणि बाजार पडला की धान्य-औषधांनाही झळ. पहिल्या मांडणीत बाजार पडला तर प्रवास आणि मौजमजा कमी होते, चूल पेटती राहते. मोबदल्यात ५०० परत हातात येत नाहीत, हे खरे. म्हणून सगळी पुंजी पेन्शनमध्ये घालू नये. मोठे आजारपण पेन्शनच्या मासिक हप्त्यातून भागत नाही. दोन वर्षांच्या तुटीइतके पैसे ठेवीत हाताशी असावेत, म्हणजे पडत्या बाजारात युनिट विकावी लागत नाहीत.

पेन्शन विकत घ्यायचीच तर ती एका दिवशी घेऊ नये. त्या दिवशीचा व्याजदर जन्मभरासाठी ठरतो. रक्कम तीन-चार भागांत वाटून पाच-सहा वर्षांत घेतली तर दरही सरासरीत येतो आणि वाढत्या वयाचा फायदाही मिळतो. पण त्याआधी एक गोष्ट पाहावी. सार्वजनिक पेन्शन उशिरा सुरू केल्यास ती वाढवून मिळत असेल, तर त्याहून स्वस्त पेन्शन बहुधा बाजारात सापडणार नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी या सार्वजनिक पेन्शन योजनेत १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी आहे. ६२ ला घेतली तर तिच्या ७० टक्के आणि ७० पर्यंत थांबले तर १२४ टक्के, तीही महागाईला जोडलेली. ६७ ते ७० ही तीन वर्षे बचतीवर काढली तर सोडलेले ३०० (पूर्ण पेन्शन वर्षाला १०० धरून) पुढे दरवर्षी २४ जास्त मिळून साडेबारा वर्षांत वसूल होतात. थोडक्यात, बचतीचा एक उत्तम उपयोग म्हणजे चांगली पेन्शन मोठी होईपर्यंत थांबता येणे. अशी वाट पाहण्याची सोय आपल्या योजनेत आहे का, हे प्रत्येकाने विचारून घ्यावे.

तेव्हा संपादक महोदय, पेन्शनच्या दराचा तक्ता छापाल तेव्हा तो ठेवींच्या दरापासून वेगळा छापावा आणि प्रत्येक दरापुढे चार गोष्टी द्याव्यात ही विनंती: दर कोणत्या वयाचा आहे, पेन्शनदाराच्या मृत्यूनंतर भरलेल्या रकमेचे काय होते, जोडीदाराला किती टक्के चालू राहते आणि पेन्शन दरवर्षी वाढते की नाही. शिवाय हप्ता महिन्याच्या सुरुवातीला मिळतो की अखेरीला, आणि खरेदीवरचा कर दरात धरला आहे की वरून आकारला जातो, हेही तळटीपेत आले तर दोन कंपन्यांचे दर खरोखर एकमेकांशेजारी ठेवता येतील.

कळावे,
आपला,
पेन्शन-गणिताच्या क्षेत्रातील एक वाचक